मुलं किती हवीत, हे स्वभावावर ठरतं का?

एखाद्या जोडप्याला एकच मूल असेल किंवा मूल नसेल, तर आपल्याकडे लगेच बोललं जातं, "तिचा स्वभावच तसा, करिअरवाली आहे." माणसाचा स्वभाव आणि मुलांची संख्या यांचा खरंच संबंध असतो का? यावर अनेक देशांत संशोधन झालंय. थोडक्यात उत्तर असं: संबंध आहे, पण तो सौम्य आहे आणि समाजाप्रमाणे बदलतो.

स्वभाव मोजतात कसा?

मानसशास्त्रात 'बिग फाइव्ह' नावाची पद्धत रूढ आहे. तिच्यात पाच पैलू पाहतात: माणसांत मिसळण्याची आवड म्हणजे बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, शिस्त व काटेकोरपणा, चिंतातुरपणा आणि नव्या गोष्टींची ओढ. प्रश्नावलीतून प्रत्येक पैलूचं प्रमाण काढलं जातं. कुणीही पूर्ण बहिर्मुख किंवा पूर्ण अंतर्मुख नसतो, सगळे कमीजास्त प्रमाणात असतात.

युरोप-अमेरिकेत काय दिसलं?

फिनलंडमध्ये १८००हून अधिक स्त्री-पुरुषांचा ९ वर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. माणसांत रमणाऱ्यांना मुलं होण्याची शक्यता जास्त, तर भावनिकदृष्ट्या लवकर अस्वस्थ होणाऱ्यांना कमी दिसली. उलटी बाजूही आढळली: मुलं झाल्यावर, विशेषतः आधीच अस्वस्थ स्वभाव असलेल्यांची अस्वस्थता वाढली. म्हणजे स्वभावाचा मुलांवर आणि मुलांचा स्वभावावर, असा दोन्हीकडून परिणाम होतो.

नॉर्वेच्या २०१४ च्या अभ्यासात चिंतातुर पुरुषांना मुलं कमी असल्याचं दिसलं, पण ते फक्त नंतरच्या पिढ्यांत. जुन्या पिढीत तसा फरक नव्हता. अमेरिकेतही नव्या गोष्टींची ओढ असलेल्यांना मुलं कमी, हा कल पुढच्या पिढ्यांत ठळक होत गेला.

सेनेगलमध्ये चित्र उलटं

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या ग्रामीण भागातला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मुलं जास्त होतात आणि बहुपत्नीत्वाची चाल आहे. तिथे चिंतातुर स्त्रियांना मुलं जास्त होती. मात्र गरीब घरांत अशा आयांच्या मुलांचं पोषण कमी आढळलं. पुरुषांत बहिर्मुख असणाऱ्यांना मुलं जास्त होती.

एकच स्वभाव, पण एका समाजात मुलं कमी आणि दुसऱ्यात जास्त. म्हणून स्वभाव एकटा काही ठरवत नाही. लग्न कधी होतं, शिक्षण किती, गर्भनिरोधक साधनं मिळतात का, घरात कुणाचा शब्द चालतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) एका स्त्रीमागे सरासरी मुलं महाराष्ट्र व कर्नाटकात १.७, गोव्यात १.३, तेलंगणात १.८, गुजरातेत १.९ आणि मध्य प्रदेशात २.० आहेत. १९९२-९३ मध्ये देशाची सरासरी ३.४ होती. बेळगाव असो की इंदूर, वडोदरा असो की हैदराबाद, आजीच्या काळात पाच-सहा मुलं ही रीतच होती, तिथे आवडीनिवडीला जागा नव्हती. आता जागा आहे, म्हणून माणसामाणसांतला फरक दिसू लागणं स्वाभाविक आहे.

पण हे निष्कर्ष हजारो माणसांच्या सरासरीचे आहेत. शेजारच्या सूनबाईला एकच मूल का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. कुणाला मूल नकोच असतं, कुणाला परवडत नाही, कुणाला हवं असूनही होत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टरांकडे जावं. स्त्रीचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. तपासणी नवरा-बायको दोघांची व्हायला हवी, कारण दोष पुरुषातही असू शकतो. "तिचा स्वभावच तसा" म्हणत राहिलं, तर उपचाराची वर्षं हातची जातात.