रात्रभराचा फड, तीन मिनिटांची तबकडी

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावातले आणि लांबलांबच्या तालुक्यांतले गावकरी तिथे येतात, फडमालकाशी बोलणी करतात आणि जत्रेची सुपारी, म्हणजे खेळाचा ठराव, देऊन जातात. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने पहिले पाऊल या राहुट्यांत टाकावे, असे मला वाटते.

त्याचे कारण एका तुलनेतून उलगडते. 1927 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रण-निर्माता राल्फ पीअर याने डोंगराळ भागातल्या गायकांचे ध्वनिमुद्रण केले. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स तिथूनच पुढे आले. पहिली तबकडी निघाली की कंट्री संगीतातल्या गायकाचे नाव दूरवर पोहोचू शके. आपल्याकडच्या फडाचे नाव मात्र जत्रेत होते, आणि ते पुढच्या वर्षीच्या सुपारीने पक्के होते. त्याची ‘पहिली तबकडी’ शोधायची तर आधी हा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

ढोलकीफडाची रात्र गणाने सुरू होते. मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज यांच्या साथीने गाणारा कडवे टाकतो आणि झीलकरी शेवटचा सूर उचलून उंच नेऊन धरतात. प्रेक्षक खूश झाला तर तेच कडवे पुन्हा होते, कधी वाढते, कधी त्यातून नवा संवाद फुटतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावत साधारण तीन मिनिटे. त्यात लावणी बसते. वग बसत नाही, समोरच्या माणसांची दादही बसत नाही. म्हणून तबकडी ऐकताना त्यात काय आहे यासोबत काय गाळावे लागले, हेही कानाने शोधायचे असते.

नारायणगावच्याच फडातल्या विठाबाई नारायणगावकर (1935–2002) यांचे उदाहरण घ्या. वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापू फडात त्या घडल्या आणि पुढे राष्ट्रपती पुरस्काराच्या मानकरी झाल्या. 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव देते. हा लौकिक कनातीत, हजारोंच्या समोर उभा राहिला. दुसरीकडे ‘सांगत्ये ऐका’ (1959) आणि ‘पिंजरा’ (1972) या चित्रपटांनी लावणी तबकडीवरून, रेडिओवरून घरोघर नेली, आणि तीच चित्रपटगीते फडांच्या रंगबाजीत परत आली. फडातून पडद्यावर आणि पडद्यावरून फडात झालेली ही ये-जा या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. संगीतशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कोणत्याही वाटेने आलात तरी इथे तुम्हाला काम आहे.

या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत. थोड्या विनंत्या आहेत. चैत्र-वैशाखात एका जत्रेला जा आणि गणापासून वग संपेपर्यंत बसा. ध्वनिमुद्रण करायचे तर कलावंतांची परवानगी घ्या, त्यांचा मोबदला द्या, आणि मुख्य गायिकेच्या नावाशेजारी ढोलकीवाल्याचे, हलगीवाल्याचे आणि प्रत्येक झीलकऱ्याचे नाव लिहा.