इंदूर पद्धतीचे खत आणि घरामागचे परस

सेंद्रिय बागकामावरील जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. होळकरांच्या राजधानीचे नाव खताच्या ढिगाला कसे मिळाले, ही हकिकत खुद्द इंदुरातील जुन्या मराठी घरांतही क्वचितच सांगितली जाते. ती सांगण्याजोगी आहे, कारण तिच्या मुळाशी शास्त्राइतकीच काटकसर आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आले. तेथील रयत आणि पिकांवरील किडी यांनाच आपण गुरू केले, असे ते पुढे सांगत. १९२४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. खर्चाचा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांनी उचलला.

माळव्याच्या काळ्या जमिनीला खत हवे होते, पण शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात असे. आणि विकतचे खत घेण्याची रयतेची ऐपत नव्हती. म्हणून जे फुकट पडून आहे त्यातूनच खत व्हावे, अशी अट हॉवर्ड यांनी स्वतःवर घालून घेतली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. त्यांत तण व पालापाचोळा मिसळून गुरांखाली अंथरीत. मग खड्ड्यात थरावर थर देऊन वर शेणकाला, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती व राख घालीत. शेण विरजणापुरते थोडे लागे. ओल राखून ढीग तीनदा उलथला की सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर रचीत.

हे सारे शून्यातून निर्माण झाले नव्हते. उकिरडा आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होताच. चीन, कोरिया व जपानमधील शेतीवरील किंग यांचे १९११ चे पुस्तकही हॉवर्ड यांच्यासमोर होते. हवा, पाणी व घटकांचे प्रमाण मोजूनमापून ठरवणे ही इंदूरची भर. त्या मोजणीत यशवंत वाड या रसायनतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. १९३१ साली ही पद्धत जगापुढे मांडणाऱ्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचेही नाव आहे. १९३४ मध्ये जॅक्सन व वाड यांनी हीच रीत वस्तीतील मैला व केरकचऱ्याला लागू करून दाखवली. शहरातील घाण बागांच्या कामी यावी, असा आग्रह पॅट्रिक गेडीस यांनी इंदूरच्या १९१८ च्या नगररचना अहवालात धरला होता. त्याला येथे शास्त्राचा आधार मिळाला. १९३५ साली इंदुरात आलेल्या महात्मा गांधींनी हे काम पाहिले आणि ‘हरिजन’मधून त्याचा प्रसार केला. हॉवर्ड यांच्या १९४० च्या ग्रंथानंतर इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय चळवळीने त्यांना आद्य पुरुष मानले. वाड यांचे नाव मात्र मागे पडले.

आपल्या जुन्या वाड्यांच्या परसात या विद्येचा घरगुती अवतार नांदतच होता. मोरीच्या पाण्यावर अळू व केळ, चुलीची राख भाजीच्या वाफ्याला, निवडलेल्या भाजीचे देठ आळ्यात. बागेसाठी वेगळा खर्च म्हणून काही नसे. आज ज्यांच्याकडे हातभर परस उरले आहे, त्यांनाही तेवढेच भांडवल पुरते. सुक्या पाचोळ्याचा जाड थर, त्यावर स्वयंपाकघरातील ओल्या केराचा पातळ थर, मूठभर माती व राख, जमल्यास थोडे शेण. ढीग लांबी, रुंदी व उंचीला तीन-तीन फूट तरी असावा; फार लहान ढिगात ऊब टिकत नाही. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला घालावा व ढीग उलथावा. अशा खतावर मेथी, पालक, दोडका, मिरची विनासायास येतात. एका वेलाचे बी राखले की पुढच्या वर्षीचे बियाणेही घरचेच.

२०१७ पासून इंदूरने स्वच्छतेत देशात नाव मिळवले, त्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. त्याच्या किती तरी आधी याच शहराने कचऱ्याला कचरा न मानण्याचा धडा जगाला दिला होता. आपली परसे फरशीखाली जात असताना तो धडा, आणि त्यासोबत वाडांचे नाव, पुढच्या पिढीच्या हाती देणे आपल्याकडून घडले पाहिजे.