अरणगावच्या टेकडीवरच्या क्रास्क बाई

आठवीत असताना आम्ही काही जणी दौंड रस्त्याने सायकली दामटत अरणगावला गेलो होतो, आठवते? मेहेराबादच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धाच्या काळातली ती पाण्याची टाकी पाहिली, डबे खाल्ले आणि परतलो. त्याच टेकडीवरच्या आश्रमात जगातली एक मोठी नृत्यशिक्षिका राहून गेली होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेही घोटा मोडला, नाचाचे वर्ग बंद पडले आणि अंथरुणात वाचण्यावाचून काही उरले नाही म्हणून.

मार्गारेट क्रास्क यांचा जन्म 1892 सालचा, इंग्लंडमधला. एन्रिको चेकेट्टी या इटालियन गुरूंकडे त्या लंडनला शिकल्या, डिआगिलेव्ह यांच्या नामांकित बॅले कंपनीत नाचल्या. पायाच्या दुखापतीने रंगमंच सुटला आणि त्या शिकवू लागल्या. चेकेट्टींची पद्धत फार शिस्तीची. सोमवारचे व्यायाम सोमवारी, मंगळवारचे मंगळवारी, अगदी आपल्या वर्गातल्या वेळापत्रकासारखे! 1930 मध्ये सिरिल ब्यूमाँट यांच्यासोबत त्यांनी बॅलेतल्या जलद हालचाली आणि उड्यांवर पुस्तक लिहिले. पुढे नावाजलेले नृत्यदिग्दर्शक अँटनी ट्यूडर त्यांच्या हाताखाली शिकले.

1931 मध्ये त्यांची मेहेरबाबांशी भेट झाली आणि 1939 मध्ये त्या भारतात आल्या. त्या थेट 1946 पर्यंत इथेच राहिल्या. वयाची सेहेचाळीस ते त्रेपन्न ही वर्षे! शिक्षकाची हीच भराची वर्षे असतात. मी बाबांची अनुयायी नाही, त्यामुळे त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण चालता धंदा सोडून लंडनची बाई नगरच्या माळरानावर येते, हे धाडस मला अंथरुणात पडल्या पडल्या फार जवळचे वाटले. दीड वर्ष वर्ग बंद राहिला तर विद्यार्थिनी परत येतील का, या काळजीने माझी झोप उडाली होती.

त्यांचे विद्यार्थी मात्र पुढेच होते. 1946 मध्ये त्या अमेरिकेच्या 'बॅले थिएटर'मध्ये शिकवायला गेल्या, 1950 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅले शाळेत. तिथे ट्यूडर त्यांचे सहकारी होते. गंमत अशी की बॅलेचे नियम मोडून निघालेली मंडळीही त्यांच्याकडेच येत. आधुनिक नृत्याचे पॉल टेलर त्यांच्याकडे शिकले. मर्स कनिंगहॅम यांच्या संघातल्या कॅरोलिन ब्राउन आणि व्हायोला फार्बर त्यांच्या वर्गाला जात. नियम मोडायलाही आधी पाय तयार लागतात ना! 1990 मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

आपल्या स्नेहसंमेलनाचे नाच बसवणाऱ्या बाई आठवतात? त्या स्वतः कधी स्टेजवर आल्या नाहीत. पडद्याआड उभ्या राहून बोटांवर मात्रा मोजायच्या, आणि आपण चुकलो की आपल्याआधी त्यांचा चेहरा पडायचा. टाळ्या आपल्याला मिळायच्या. क्रास्क बाईंबद्दल वाचताना मला सारख्या त्याच दिसत होत्या. त्या वेळी त्यांना साधे 'थँक्यू'ही म्हटल्याचे मला आठवत नाही.

माझा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. उड्या मारून दाखवता येत नाहीत, तोंडाने सांगते.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अरणगावला जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आदल्या रात्री सांगा. या वेळी सायकल नको, घोटा अजून कुरकुरतो.