हृदय-संरक्षण : टाकून दिलेल्या एका तत्त्वाचा इतिहास

प्रस्तावना : हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा यंत्रांचा व शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी खुद्द हृदयस्नायूला इजा होऊ नये यासाठी झालेले प्रयत्न मात्र उपेक्षित राहतात. प्रस्तुत निबंधात त्यांचा व त्यांतील मुंबईच्या वाट्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

विवेचन : बायपासमध्ये जेमतेम दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या धमनीला टाके घालावे लागतात. त्यासाठी हृदय स्थिर हवे. परंतु महाधमनीला चिमटा लावला की हृदयस्नायूचा रक्तपुरवठाही तुटतो. १९५५ साली लंडनमध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबविण्याची पद्धत मांडली. थांबलेल्या हृदयाची प्राणवायूची गरज सुमारे ९० टक्क्यांनी घटते; थंडाव्याने ती आणखी उतरते. तथापि त्या द्रावणाने स्नायूला इजा झाल्याचे आढळले आणि १९६०च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. वस्तुतः दोष तत्त्वात नसून द्रावणाच्या तीव्रतेत होता. १९७३ मध्ये गे व एबर्ट यांनी सौम्य द्रावण वापरून हे तत्त्व पुन्हा उभे केले. त्याच दशकात सेंट थॉमस रुग्णालयाचे द्रावण व बकबर्ग यांची रक्तमिश्रित पद्धत पुढे आली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन यांनी वेगळा मार्ग शोधला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला कप्प्यातूनच थेट रक्त मिळते, हे हेरून त्यांनी सुईने हृदयभित्तीत सूक्ष्म छिद्रे पाडण्याचा प्रयोग केला व तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे हीच कल्पना लेझरच्या रूपाने परतली. मात्र अशी छिद्रे बुजतात असे दिसून आले.

हृदय न थांबविता बायपास करण्याचा मार्ग लेनिनग्राडमध्ये कोलेसोव यांनी १९६४ साली चोखाळला होता. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर जानेवारी २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली धडधडत्या हृदयावरच शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी २,२०३ रुग्णांवरील ‘रूबी’ या अमेरिकी चाचणीत मात्र, वर्षभरानंतर खुल्या राहिलेल्या जोडण्यांचे प्रमाण हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने केलेल्या शस्त्रक्रियेतच अधिक आढळले.

निष्कर्ष : मेलरोज यांचे तत्त्व परतले व टिकले, सेन यांची कल्पना परतली पण मर्यादित राहिली. दोन्ही निवाडे शक्य झाले, कारण अपयशाचीही नोंद झाली होती. १९९८ पासून ज्या नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ कार्यरत आहे, तेथील अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत फसलेल्या प्रयोगांनाही सन्मानाचे स्थान द्यावे, असे या इतिहासावरून सुचवावेसे वाटते.