जखमेचा ग्रह : कायरॉनचे योग आणि मनाची जडणघडण

जन्मकुंडलीतील ग्रह परस्परांपासून किती अंशांवर आहेत, यावरून माणसाच्या मनातील जुन्या जखमा ओळखता येतात, असा दावा पाश्चात्त्य ज्योतिषातील एक शाखा करते. मानसशास्त्रीय ज्योतिष या नावाने ती ओळखली जाते. भविष्याच्या सदरांतून आणि संगणकीय पत्रिकांतून तिची परिभाषा मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली आहे. या परिभाषेत वारंवार भेटणारे नाव म्हणजे कायरॉन. हा कायरॉन कोण, त्याच्या योगांचा अर्थ कसा लावला जातो आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा हा आढावा.

योग म्हणजे काय?

राशिचक्राच्या ३६० अंशांत दोन ग्रहांमध्ये होणारा ठरावीक कोन म्हणजे योग. शून्य अंशांवर युती, ६० अंशांवर लाभयोग, ९० अंशांवर केंद्रयोग, १२० अंशांवर नवपंचम आणि १८० अंशांवर प्रतियोग होतो. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या ‘टेट्राबिब्लॉस’ या ग्रंथात या कोनांचे विवेचन आढळते. लाभ व नवपंचम अनुकूल, तर केंद्र व प्रतियोग प्रतिकूल, ही विभागणीही तितकीच जुनी आहे.

भारतीय पद्धतीत अंशांपेक्षा स्थानांना महत्त्व असते. प्रत्येक ग्रहाची सातव्या स्थानावर पूर्ण दृष्टी मानली जाते. याखेरीज मंगळाची चौथ्या व आठव्या, गुरूची पाचव्या व नवव्या, तर शनीची तिसऱ्या व दहाव्या स्थानावर विशेष दृष्टी असते.

नियतीकडून मनाकडे

विसाव्या शतकात पाश्चात्त्य ज्योतिषाचा रोख बदलला. डेन रुडयार यांनी १९३६मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुंडलीचा विचार घटनांऐवजी व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने केला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या कल्पनांचा त्यावर प्रभाव होता. १९७६मध्ये लिझ ग्रीन यांनी शनीवरील पुस्तकात या परंपरागत पापग्रहाकडे आत्मपरीक्षण घडवणारा ग्रह म्हणून पाहिले. केंद्रयोग म्हणजे संकट नव्हे, तर आतला ताण. आणि ताणाशिवाय वाढ नाही, अशी ही नवी मांडणी होती.

कायरॉनचा प्रवेश

खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स कोवाल यांना अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत १९७७मध्ये एक नवा लघुग्रह सापडला. बहुतांशी शनी आणि युरेनस यांच्या कक्षांदरम्यान फिरणाऱ्या या गोलाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ५० वर्षे लागतात. पुढे त्यात धूमकेतूची लक्षणेही आढळल्याने त्याची नोंद दोन्ही याद्यांत झाली.

कोवाल यांनी त्याला ग्रीक पुराणकथेतील कायरॉनचे नाव दिले. अर्धा मानव आणि अर्धा अश्व असलेला हा कायरॉन वैद्यकविद्येत निष्णात होता. हेराक्लिसचा विषारी बाण चुकून लागल्याने त्याला कधीही बरी न होणारी जखम झाली. अमर असल्याने मरण येईना आणि इतरांना बरे करणाऱ्याला स्वतःची जखम भरता येईना. ‘जखमी वैद्य’ ही कल्पना युंग यांनी आधीच मांडली होती; ज्योतिषांनी ती कायरॉनला जोडली.

चंद्राशी कायरॉनचा केंद्रयोग असल्यास बालपणी माया अपुरी पडल्याचा सल, रवीशी असल्यास वडिलांकडून मान्यता न मिळाल्याची खंत, शुक्राशी असल्यास आपण प्रेमास पात्र नाही ही भावना, असे अर्थ लावले जातात. नवपंचम असल्यास तेच दुःख इतरांना समजून घेण्याचे बळ देते, असे म्हणतात. पन्नाशीच्या सुमारास कायरॉन जन्मकालीन स्थानी परततो, तेव्हा जुनी दुःखे पुन्हा वर येतात, अशीही समजूत आहे. त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने सायन गणनेनुसार तो मेष राशीत सुमारे आठ वर्षे, तर तूळ राशीत दोन वर्षांहूनही कमी काळ राहतो.

भारतीय परंपरेत कायरॉन नाही. तेथे चंद्र हा मनाचा कारक असून मनःस्तापाचा संबंध प्रामुख्याने शनीशी जोडला जातो. जन्मराशीच्या मागील, त्या आणि पुढील राशीतून शनी प्रत्येकी सुमारे अडीच वर्षे जातो, तीच साडेसाती.

कसोटीवर काय दिसते?

शॉन कार्लसन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ज्योतिषांना कुंडलीवरून तीन व्यक्तिमत्त्व-अहवालांतून योग्य तो निवडायचा होता. त्यांचे यश एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे निव्वळ योगायोगाइतकेच राहिले. महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवून याहून वाईट निकाल लागला नसता.

तरीही वर्णन पटते, ते का? बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला. तो बहुतांशी ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. अपुऱ्या मायेची खंत कोणाच्या मनात कधीच डोकावत नाही? कायरॉनचा अर्थही त्याच्या नावातून आला आहे. कोवाल यांनी त्याला दुसऱ्या एखाद्या देवतेचे नाव दिले असते, तर हाच गोल आज कदाचित वेगळ्याच गुणांचा कारक ठरला असता.

मर्यादा ओळखून

म्हणून ही परिभाषा सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही. जे दुःख घरात बोलता येत नाही, त्याला कुंडलीच्या निमित्ताने शब्द सापडतात. दुखावलेला माणूस दुसऱ्याचा आधार होऊ शकतो, हा विचारही धीर देणारा आहे. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. आईवडिलांवरील ठपका ग्रहयोगाच्या आधारे पक्का करणे, भीतीपोटी महागड्या शांती करणे किंवा योग सरेल म्हणून उपचार लांबवणे, यांत हानीच आहे. झोप उडणे, सततची उदासी, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेवर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.