गॉथिक : नावं ठेवण्यातून पडलेलं नाव

चिडवण्यासाठी पडलेलं नाव कसं जन्मभर चिकटतं, हे आपल्या वर्गाला वेगळं सांगायला नको. कलेच्या इतिहासातही असं एक नाव आहे : 'गॉथिक'.

गॉथ ही जर्मानिक जमात. त्यांच्या अ‍ॅलरिक राजाने इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं. पण ज्यांना आपण गॉथिक चर्च म्हणतो, त्यांच्याशी या लोकांचा काडीचाही संबंध नाही. ती शैली सातशे वर्षांनंतर फ्रान्समध्ये आकाराला आली. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा प्रमुख सुजेर याची श्रद्धा होती, की प्रकाश माणसाला ईश्वराकडे नेतो. त्याने बांधलेला चर्चचा नवा भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला. टोकदार कमानी आणि छताच्या दगडी फासळ्या भार खांबांवर उतरवत. पुढे बाहेरून कमानीचे टेकूही आले. भार पेलण्यातून सुटलेल्या भिंतींच्या जागी रंगीत काचा बसल्या. उंचीची हावही वाढली : बोव्हे येथील सुमारे ४८ मीटर उंच छत १२८४ मध्ये कोसळलं.

सोळाव्या शतकात इटलीच्या वासारीला ग्रीक-रोमन प्रमाणबद्धतेपुढे हे सारं बेढब वाटलं. ही शैली गॉथांनी काढली, असं त्याने लिहून टाकलं. गॉथिक म्हणजे रानटी!

अठराव्या शतकात वारं फिरलं. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये जुना किल्ला, भुयार आणि शाप यांची कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला स्वतःच 'गॉथिक कथा' म्हटलं. 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'ड्रॅक्युला' याच वाटेवरचे. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने दुर्लक्षित नोत्र दामकडे फ्रान्सचं लक्ष वेधलं आणि १८४४ पासून तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. एका कादंबरीने दगडांना आयुष्य दिलं.

इंग्रजांबरोबर ही शैली मुंबईत आली. स्टीव्हन्स यांनी आखलेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या सजावटीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ते आपल्यासारखेच शाळकरी नसतील, पण विद्यार्थीच. लोकल पकडताना वर पाहायला आपल्याला सवड कुठे असते?

२०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना जागतिक वारशात घेतलं. त्या वारशाच्या अधिकृत नावातच 'व्हिक्टोरियन गॉथिक' हे शब्द आहेत. वासारीची शिवी आता मानाने पाटीवर लिहिली जाते.