दूध तोडण्याची घाई

सातव्या शतकातल्या मदीनेत एका रात्री व्यापाऱ्यांचा काफिला ईदगाहच्या मैदानात उतरला. त्यांचा माल चोरीला जाऊ नये म्हणून खलिफा हजरत उमर (रजि.) हे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन स्वतः पहाऱ्यावर बसले. रात्रभर एक तान्हे बाळ रडत होते. उमर तीनदा त्याच्या आईकडे गेले. शेवटी ती वैतागून म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. इतकी घाई कशाला, असे विचारल्यावर समोर कोण उभे आहे हे ठाऊक नसलेल्या त्या बाईने सांगितले : उमर दूध सुटलेल्या मुलालाच वजिफा देतात.

उमर यांनी 'दीवान' म्हणजे नोंदवही तयार करून बैतुलमालमधून, अर्थात सरकारी खजिन्यातून, मुस्लिमांना वार्षिक वजिफा सुरू केला होता. मुलाचे नाव मात्र दूध सुटल्यावरच वहीत चढे. वरवर पाहता नियम साधा होता. पण गरज असलेल्या आईने त्यातून एकच अर्थ काढला : दूध लवकर तोडा. कुरआनने (सूरह बकरा, आयत 233) दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. बाळाचा तो हक्क सरकारी अटीने हिरावला जात होता.

इब्न साद (मृत्यू इ.स. 845) यांच्या 'तबकात' या ग्रंथात पुढची हकीकत येते. फजरच्या नमाजात उमर इतके रडले की लोकांना त्यांची तिलावत कळेना. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटवली : दूध तोडण्याची घाई करू नका, मुस्लिम घरात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला जन्मापासून वजिफा मिळेल. प्रांतोप्रांती तसे लिहून कळवले गेले. रक्कम 100 दिरहम, मूल वाढले की 200. टाकून दिलेल्या बाळालाही 100 दिरहम, शिवाय त्याला दूध पाजणारीचा खर्च बैतुलमालकडे.

आपण ही गोष्ट खलिफांच्या अश्रूंसाठी सांगतो. मला त्यातला नियमबदल मोठा वाटतो. त्यांनी त्या आईला अडाणी ठरवले नाही. चूक नियमाची, म्हणून नियम बदलला.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. 1929 चा कायदा झाला, पण पैसे द्यायचे कारखानदारांनी. पुढे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीतल्या किंवा इतर कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या वगळता प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 मिळतात आणि दुसऱ्या वेळी 6000, तेही मुलगी झाली तरच. दुसऱ्या मुलाच्या आणि तिसऱ्या बाळाच्या आईला काहीच नाही.

वहीतली अट कागदावर असते, रडते ते बाळ. ते ऐकायला रात्री कुणीतरी बाहेर पडावे लागते.